नाना फडणवीस : एका तैलचित्राच्या आधारे

चरित्र लिहिणाराने प्रथम कागदपत्रे पाहावीत, मग बखरी पाहाव्यात आणि सर्वांच्या शेवटी चित्रे पाहावीत, असा क्रम आजवर मानला गेला आहे. हा क्रम योग्यच आहे. तथापि चित्रास अगदी शेवटी नेऊन केवळ शोभेसाठी छापावयाचे, ही जी रीत आपल्याकडे पडून गेली आहे ती मात्र आम्हांस मान्य नाही. राजदरबारी काढविलेले चित्र हा एक प्रकारचा दस्तऐवजच होय. त्यात कोण बसला आहे, कोण उभा आहे, मध्यभागी कोण आहे, अलंकार कोणाच्या अंगावर आहेत आणि कोणास मागे ठेविले आहे, ह्या सर्व गोष्टी विचारपूर्वक ठरविलेल्या असतात. सनदेतील मायना आणि मोर्तब ज्याप्रमाणे वाचता आले पाहिजेत, त्याप्रमाणे असे चित्रही वाचता आले पाहिजे. आमच्या शिक्षकी पेशाच्या काळात वर्गाच्या भिंतींवर थोर पुरुषांच्या तसबिरी टांगलेल्या असत. मुले त्या नित्य पाहत, परंतु त्यांचे वाचन कोणी करीत नसे. मंडळाच्या ह्या स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहून द्यावे अशी सूचना झाली, तेव्हा नाना फडणवीस ह्यांचे चरित्र एका प्रसिद्ध तैलचित्राच्या आधारे ज्ञातिबांधवांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले.

हे चित्र इ. स. १७९२ मधील असून ते जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात काढिले. आज ते लंडन येथील रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रही आहे. चित्रात तरुण श्रीमंत सवाई माधवराव पेशवे बसलेले आहेत. त्यांच्या अंगावर मोत्यांचे व रत्नांचे अलंकार आहेत. त्यांच्या शेजारी नाना फडणवीस बसलेले असून त्यांचा वेष त्या मानाने साधा आहे. पाठीमागे सेवक उभे आहेत. चित्र पाहणारास प्रथम अलंकार दिसतात, म्हणजे पेशवे दिसतात. परंतु थोडा वेळ स्थिर राहून पाहिले म्हणजे लक्ष हळूहळू त्या साध्या वेषातील, कृश आणि गंभीर मुद्रेच्या पुरुषाकडे जाते. त्या वेळी पेशवे अठरा वर्षांचे होते आणि नाना पन्नास वर्षांचे. मराठी राज्याची त्या काळची सगळी घडण ह्या दोन बैठकींत आली आहे. ती उलगडून पाहावयाची तर नानांच्या जन्मापासून आरंभ केला पाहिजे.

नानांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. भानू घराणे मूळचे कोकणातील वेळास येथील. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे पेशव्यांच्या आश्रयास आले आणि त्यांच्याकडे फडणिशी आली. फडणिशी म्हणजे राज्याच्या जमाखर्चाची किल्ली. तलवार गाजविणाराचे नाव पोवाड्यांत जाते, परंतु त्या तलवारीचा पगार कोणत्या महालातून निघावयाचा हे फडणीस जाणतो. नानांचा जन्म दिनांक १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. इ. स. १७५६ मध्ये वडील जनार्दनपंत वारले आणि चौदाव्या वर्षी नानांच्या अंगावर फडणिशीचे वस्त्र आले. पुढे आपल्या पाल्याचे जे झाले तेच त्यांचे स्वतःचे झाले होते. पोरवयातच पद मिळाले आणि त्या पदाचा अर्थ मागाहून शिकावा लागला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

वयाच्या अठराव्या वर्षी नाना मातोश्री व पत्नी ह्यांसह सदाशिवरावभाऊंच्या सैन्याबरोबर उत्तरेस गेले. तीर्थयात्रा घडावी हा हेतू त्यात होता. परंतु दिनांक १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जो प्रलय झाला त्यात मातोश्री अंतरल्या, स्वामी अंतरले, आणि नाना कसेबसे जीव वाचवून देशी परतले. पत्नी सुदैवाने सुखरूप आली. ह्या प्रसंगाचा वृत्तान्त नानांनी स्वतः लिहून ठेविला आहे. त्यात त्यांनी आपल्या मनाची दुर्बळता लपविलेली नाही, हे त्या लेखाचे वैशिष्ट्य होय. नाना रणांगणावरचे पुरुष नव्हते आणि हे त्यांना स्वतःला पुरते ठाऊक होते. आपले सामर्थ्य लेखणीत, स्मरणशक्तीत आणि माणसांच्या पारखीत आहे हे ओळखून त्यांनी पुढील चाळीस वर्षे काढिली.

थोरल्या माधवराव पेशव्यांच्या हाताखाली नानांचे खरे शिक्षण झाले. जमाखर्चाची शिस्त, ठिकठिकाणच्या वकिलांकडून येणाऱ्या बातमीपत्रांची छाननी आणि कारभाऱ्यांवरील नजर ह्या गोष्टी ते तेथे शिकले. दिनांक १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवराव निवर्तले. धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. परंतु दिनांक ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांचा वध केला. चुलते रघुनाथराव पेशवेपदी बसले. रामशास्त्री प्रभुणे ह्यांनी त्यांनाच दोषी ठरविले आणि पुणे सोडले. अशा वेळी सखारामबापू बोकील, हरिपंत फडके, नाना आदी मुत्सद्द्यांनी एकत्र येऊन जे कारस्थान रचले ते बारभाईंचे कारस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. नारायणरावांची गरोदर पत्नी गंगाबाई हिला पुरंदर किल्ल्यावर नेण्यात आले आणि दिनांक १८ एप्रिल १७७४ रोजी तिला पुत्र झाला. तोच सवाई माधवराव. मूल चाळीस दिवसांचे झाले तेव्हा त्यास पेशवाईची वस्त्रे मिळाली.

येथे आपल्या भोर प्रांताचा ह्या कथेशी जो संबंध आहे तो सांगणे अवश्य आहे. कापूरहोळहून पूर्वेकडे पाहिले असता ज्या पुरंदराचा डोंगर दिसतो, तो किल्ला पूर्वी सचिवांकडे होता. हिंगणगावच्या दमाजी थोराताने सचिवांस कैद केले असता बाळाजी विश्वनाथ ह्यांनी त्यांची सुटका करविली. त्या उपकाराच्या बदल्यात सचिवांच्या मातोश्रींनी पुरंदर पेशव्यांच्या हवाली केला. पुढे इ. स. १७५० मध्ये सिंहगडही तुंग आणि तिकोना ह्या किल्ल्यांच्या बदल्यात पेशव्यांकडे गेला. अर्थात ज्या तटबंदीच्या आत सवाई माधवरावांचा पाळणा सुरक्षित राहिला, ती भोरकरांनी दिलेली होती. आणखी एक योगायोग असा की, शंकराजी नारायण सचिव इ. स. १७०७ मध्ये वारले तेव्हा त्यांचे पुत्र नारो शंकर हेही अगदी लहान होते. मूल गादीवर आणि कारभार वडीलधाऱ्यांच्या हाती, हा प्रकार आपल्या मुलखाने पेशव्यांच्या आधी पाहिला होता.

चित्राच्या दृष्टीनेही सचिवपदाचे स्मरण उपयोगी आहे. सचिव आणि पेशवा हे दोघेही मूळचे अष्टप्रधानांतील, म्हणजे छत्रपतींचे सेवक. वेल्ह्याच्या मुलखात तोरण्याने आणि राजगडाने ज्या राज्याचा आरंभ पाहिला, ते राज्य छत्रपतींचे. पेशवा पुण्यात कितीही थोर झाला तरी वस्त्रे साताऱ्याहून आल्यावाचून तो पेशवा होत नसे. पुरंदरावरील त्या चाळीस दिवसांच्या अर्भकासही साताऱ्याची वस्त्रे लागली. आता वेल्सचे चित्र पुन्हा डोळ्यांपुढे आणावे. त्यात छत्रपती नाहीत. जो पुरुष राजासारखा शृंगारून बसला आहे तो कायद्याने प्रधान आहे. आणि जो त्याच्या शेजारी साधेपणाने बसला आहे तो त्या प्रधानाचा फडणीस आहे. धनी साताऱ्यास, त्याचा सेवक रत्ने लेऊन पुण्यास, आणि त्या सेवकाचा सेवक प्रत्यक्ष राज्य चालविणारा, अशा ह्या तीन पायऱ्या होत्या. त्यांपैकी सर्वांत वरची पायरी चित्रकारास दिसलीच नाही, कारण ज्यांच्याशी इंग्रजांस व्यवहार करावयाचा होता ते पुण्यात होते.

नानांचा कारभार म्हणजे संकटांची मालिका होती. रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांकडे गेले आणि युद्ध पेटले. दिनांक १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला, पण तो टिकला नाही. बोरघाटातून पुण्यावर चालून आलेली इंग्रजी फौज जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे अडविली गेली आणि तिला मानहानीचा तह करावा लागला. ह्या मोहिमेत महादजी शिंद्यांची तलवार आणि नानांची मसलत एकमेकींस पूरक ठरल्या. पुढे नानांनी निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले ह्यांस एका सूत्रात ओवून इंग्रजांविरुद्ध चौकडी उभी केली. दिनांक १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. रघुनाथरावांचा प्रश्न मिटला, परंतु साष्टी इंग्रजांकडेच राहिली. समुद्रकिनाऱ्यावरचा तो लहानसा तुकडा नानांच्या मनास अखेरपर्यंत सलत राहिला असावा. इंग्रज हा व्यापारी नसून राज्य करण्यासाठी आलेला शत्रू आहे, हे ज्या थोड्या हिंदी मुत्सद्द्यांनी वेळीच ओळखले त्यांत नानांची गणना केली पाहिजे.

असे असूनही राजकारणाच्या गरजेने नानांस इंग्रजांचा वकील पुण्यात ठेवून घ्यावा लागला. इ. स. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट हा गृहस्थ पुण्यास आला. टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे ह्यांचा करार इ. स. १७९० मध्ये झाला तो मॅलेटच्याच हातून. मॅलेट हा चित्रांचा मोठा शौकीन होता. पुण्यातील गंगाराम तांबट ह्या गुणी कारागिराकडून त्याने चित्रे काढविली. वेरूळची लेणी आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा हे गंगारामाच्या चित्रांचे विषय होत. इ. स. १७९१ मध्ये मुंबईस आलेला वेल्स पुढील वर्षी मॅलेटच्या आश्रयाने पुण्यात दाखल झाला. पेशव्यांच्या संमतीने शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळाही निघाली आणि गंगाराम वेल्सच्या हाताखाली काम करू लागला.

दख्खनच्या जुन्या चितारी परंपरेत पुरुषाचे चित्र बहुधा एका बाजूने काढीत. सतराव्या शतकातील श्रीशिवछत्रपतींची गोवळकोंडा पद्धतीची जी चित्रे विलायतेतील संग्रहांत आहेत, ती अशीच आहेत. त्या पद्धतीत शरीराच्या गोलाईपेक्षा रेषेला आणि मुद्रेला महत्त्व असे. वेल्सने कॅनव्हास आणि तैलरंग आणले, चेहऱ्यावर उजेड आणि छाया पाडली. विलायतेत राजेरजवाडे, सेनापती आणि श्रीमंत लोक ह्यांची चित्रे ज्या थाटाने काढीत तोच थाट त्याने पुण्याच्या बैठकीस दिला. ह्यात आदर होता, हे नाकारता येत नाही. पुण्याचा पेशवा हा युरोपातील राजांच्या पंक्तीस बसण्याजोगा आहे, असे ते चित्र सांगते. परंतु त्यात मोजमापही होते. ज्यांच्याशी तह करावयाचा किंवा पुढे लढावयाचे, त्यांचे चेहरे, त्यांचे वय आणि त्यांच्यातील कोण कोणाच्या शेजारी बसतो, हे दूर देशी जाऊन पाहता यावे ह्याची ती सोय होती. नकाशा काढणारा इंग्रज आणि तसबीर काढणारा इंग्रज ह्यांच्या हेतूंत फार अंतर होते असे आम्हांस वाटत नाही.

त्याच वर्षी, जून १७९२ मध्ये, महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलक ह्या पदाची फर्माने आणि वस्त्रे घेऊन पुण्यास आले. पदवी पेशव्यांस, आणि त्यांचे नायब म्हणून अधिकार महादजींस, अशी ती योजना होती. नानांनी हरकत घेतली. बादशहाने दिलेले मोठमोठे किताब मराठी राज्याच्या घटनेशी विसंगत आहेत, पेशवा हा छत्रपतींचा प्रधान आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अखेर साताऱ्याची संमती मिळविण्यात आली आणि मगच मोठा समारंभ होऊन सवाई माधवरावांनी ती वस्त्रे स्वीकारली. एकाच वर्षात त्या अठरा वर्षांच्या तरुणास तीन निरनिराळ्या हातांनी तीन निरनिराळी रूपे दिली. साताऱ्याच्या दृष्टीने तो सेवक होता, दिल्लीच्या कागदावर तो साम्राज्याचा मुखत्यार होता, आणि वेल्सच्या चित्रात तो स्वतंत्र नरेश होता. मराठी राष्ट्र म्हणजे कोण, ह्या प्रश्नाचे त्या काळी एकच एक उत्तर नव्हते. नानांनी छत्रपतींच्या संमतीचा आग्रह धरिला, त्यात महादजींचा मत्सर किती आणि तत्त्वनिष्ठा किती ह्याविषयी वाद घालता येईल. पण शिवकाळातील घटनेचे स्मरण दरबारास करून देणारा पुरुष तोच होता, हे मान्य केले पाहिजे.

आता चित्रात जे दिसत नाही त्याकडे वळू. पेशव्यांच्या मनात काय चालले होते हे चित्र सांगत नाही. इ. स. १७७७ मध्ये त्यांची आई गंगाबाई वारली. त्यांचे लग्न १७८३ च्या फेब्रुवारीत मोठ्या थाटाने झाले. त्यांस पशुपक्ष्यांची आवड होती आणि पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता. परंतु कोणास भेटावे, कोणाशी पत्रव्यवहार करावा, ह्यावर नानांची नजर असे. ज्याचा बाप आपल्याच वाड्यात मारला गेला त्या मुलाविषयी पालकाने सावध राहावे हे स्वाभाविकच होते. मात्र मूल सज्ञान झाल्यावर सावधगिरीचे रूपांतर कोंडमाऱ्यात होऊ शकते. ह्या दोहोंच्या मधली रेषा नानांस सापडली नाही, असे आमचे मत आहे. चित्रातील जवळीक ही पालकाची माया मानावी की पहारेकऱ्याची दक्षता मानावी, हे ठरविणे कठीण आहे; बहुधा तेथे दोन्ही होती.

नानांच्या कारभारातील दुसरा काळा डाग म्हणजे घाशीराम कोतवालाचे प्रकरण. ह्या कोतवालाविरुद्ध लोकांत असंतोष होता. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्याने कोठडीत कोंडलेल्या ब्राह्मणांपैकी अनेक जण गुदमरून मेले. शहर खवळले आणि शेवटी घाशीरामास लोकांच्या हवाली करण्यात आले. त्यांनी त्यास दगडांनी ठेचून मारिले. चित्र काढले गेले त्याच्या आदल्याच वर्षीची ही गोष्ट. ज्याच्या बातमीदारांस दिल्ली आणि हैदराबाद येथील खलबते कळत, त्यास आपल्याच शहरातील कोतवालीचे रडगाणे वेळेवर कळू नये, हे आश्चर्य आहे. चरित्रलेखकाने चरित्रनायकाचा गौरव करावा, परंतु अशा गोष्टी झाकू नयेत.

दिनांक १२ फेब्रुवारी १७९४ रोजी, म्हणजे नानांच्या बावन्नाव्या वाढदिवशीच, महादजी शिंदे पुण्याजवळ वानवडी येथे निवर्तले. नानांचा प्रतिस्पर्धी गेला, परंतु राज्याचा एक बाहूही गेला. दिनांक ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या लढाईत निजामाचा पराभव झाला. शिंदे, होळकर, भोसले आणि पटवर्धन हे सर्व सरदार पेशव्यांच्या जरीपटक्याखाली एकवटले, तो हा शेवटचा प्रसंग. वेल्सच्या चित्रात जे वैभव रंगविले होते ते खर्ड्यावर प्रत्यक्ष दिसले. पण ते जेमतेम साडेसात महिने टिकले. दिनांक २५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्यातील गच्चीवरून खाली पडले आणि २७ तारखेस त्यांचे देहावसान झाले. तापाच्या भरात तोल गेला की त्यांनी जाणूनबुजून उडी घेतली, ह्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. नानांच्या कडक बंदोबस्ताने तरुण पेशवा खचला होता, असे म्हणणारे अनेक आहेत. वय अवघे एकवीस वर्षांचे होते. विलक्षण योग असा की, ज्या चित्रकाराने त्यांचे रूप रंगविले तो वेल्सही त्यानंतर लवकरच, नोव्हेंबर १७९५ मध्ये, साष्टी भागात तापाने वारला. ज्या साष्टीसाठी नानांनी इतके झगडे केले, तेथेच त्याचा अंत झाला.

पेशवे गेल्यावर नानांच्या हातातील सूत्रे एकेक करून सुटू लागली. वारस म्हणून रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव ह्यांचे नाव पुढे आले. ज्या रघुनाथरावांविरुद्ध नानांनी अर्धे आयुष्य वेचिले, त्यांच्याच मुलास मुजरा करण्याची पाळी त्यांच्यावर आली. दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या भयाने इ. स. १७९६ मध्ये नाना पुणे सोडून सातारा व वाई ह्या मार्गाने भोरच्या घाटांपलीकडील महाडास गेले. हातात ना सत्ता, ना फौज; तरी तेथे बसून केवळ पत्रांच्या आणि पैशाच्या बळावर त्यांनी निजाम, शिंदे, होळकर आणि भोसले ह्यांची मने वळविली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा कारभारी होऊन ते पुण्यात आले. मुत्सद्देगिरीचा असा चमत्कार दुर्मिळच. परंतु १७९७ च्या शेवटच्या दिवशी शिंद्यांच्या माणसांनी त्यांस दग्याने कैद केले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेविले. पुढील वर्षी त्यांची सुटका झाली, पुन्हा कारभारही मिळाला. मात्र शरीर थकले होते आणि मन विटले होते. दिनांक १३ मार्च १८०० रोजी पुण्यात नानांचे देहावसान झाले. त्यांस पुत्र नव्हता. मागे राहिलेल्या अल्पवयी पत्नी जिऊबाई पुढे वाईजवळ मेणवली येथे राहिल्या. मेणवलीचा वाडा व घाट आणि पुण्यातील बेलबागेचे देवालय ही नानांची स्मारके आजही पाहावयास मिळतात.

नानांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांच्या आत, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावांनी वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पत्करिली. आणि येथे आपल्या कथेत दुसरे चित्र येते. इ. स. १७९० च्या कराराचा दरबार रंगवावा अशी मॅलेटची इच्छा होती आणि वेल्सने त्यासाठी पुष्कळ तयारी करून ठेविली होती. त्याच्या पश्चात् टॉमस डॅनियल ह्या नामांकित चित्रकाराने ते भव्य चित्र विलायतेत इ. स. १८०५ मध्ये पूर्ण केले. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. गणपती रंगमहालातील भरलेला दरबार, मसनदीवर तरुण पेशवे, मानकऱ्यांच्या रांगा, आणि दरबारच्या रिवाजाप्रमाणे बैठकीवर बसलेली इंग्रज मंडळी, असे ते दृश्य आहे. करार झाला तेव्हा वेल्स हिंदुस्थानात आलेला नव्हता. डॅनियलने चित्र पुरे केले तेव्हा सवाई माधवराव नव्हते, नाना नव्हते आणि पेशव्यांचे स्वातंत्र्यही नव्हते. विलायतेतील प्रेक्षकांनी जे वैभव पाहिले ते आधीच त्यांच्या छायेखाली आलेले होते. बरोबरीच्या नात्याने झालेला करार म्हणून जो प्रसंग रंगविला, तो तेथे एका इंग्रज वकिलाच्या कर्तबगारीचे स्मारक बनला. पुढे इ. स. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्यातील इमारती जळून गेल्या. आता तो रंगमहाल कसा होता हे पाहावयाचे तर परक्याच्या हातचे ते चित्रच पाहावे लागते. आपला दरबार आपल्या माणसाच्या नजरेने मोठ्या पटावर रंगविलेला आपल्यापाशी असता, गंगारामासारख्या कारागिरास तसा आश्रय आपल्या दरबाराने दिला असता, तर आज आपणांस आपले रूप दुसऱ्याच्या आरशात शोधावे लागले नसते.

मग ह्या चित्रांस खोटी म्हणावयाचे काय? आम्हांस तसे वाटत नाही. साक्षीदार परका असला म्हणजे त्याची साक्ष टाकाऊ ठरत नाही. तो कोठे उभा राहून पाहत होता, एवढे लक्षात घेऊन ती वाचावी लागते. वेल्स मॅलेटच्या आश्रयाने उभा होता. म्हणून त्यास पुणे दिसले, सातारा दिसला नाही. कारभारी दिसला, सरदार दिसले नाहीत. आणि ज्या रयतेच्या घामावर त्या मोत्यांचे मोल उभे होते ती तर मुळीच दिसली नाही. राजगड-तोरण्याच्या पायथ्याचे मावळे, हिरडस मावळातील शेतकरी, गुंजण मावळातील गडकरी ह्यांचे तैलचित्र कोणी काढविले नाही. राष्ट्र म्हणजे चित्रात बसलेली माणसे एवढेच नव्हे, हे ती चित्रे पाहताना विसरता कामा नये.

तथापि चित्रकारास एक गोष्ट अचूक दिसली, ती म्हणजे पेशव्यांच्या शेजारची ती दुसरी बैठक. नानांनी स्वतः मसनद कधी घेतली नाही. सत्तावीस वर्षे राज्याची सूत्रे हाती असूनही ते फडणीसच राहिले. हा त्यांचा मोठेपणा निःसंशय आहे आणि इंग्रज वकिलांनीही त्यांच्या बुद्धीचा धाक मानिला. परंतु त्या शेजारच्या बैठकीवरून उठावे केव्हा, हे त्यांस उमगले नाही. आपल्यानंतर कारभार कोणी पाहावा ह्याची त्यांनी तजवीज केली नाही. ज्यास राज्य करावयाचे होते त्यास राज्य करण्याचा सराव दिला नाही. म्हणूनच एका तरुणाच्या मृत्यूने सगळी घडी विसकटली. सवाई माधवराव आणखी दहा वर्षे जगते आणि त्यांपैकी पाच वर्षे आपल्या बुद्धीने राज्य करते, तर वसईचा तह तरी झाला असता काय, असा विचार मनात येतो.

राज्ये आणि दरबार इतिहासजमा झाले. भोर संस्थानही १९४८ मध्ये विलीन झाले. पण बैठकी मात्र आजही आहेत. घरांत, शाळांत, सहकारी संस्थांत आणि आपल्या मंडळांतही दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहणारे वडीलधारे असतात. त्यांची निष्ठा आणि हिशेबाची चोखी नानांसारखी असावी, अशी अपेक्षा आम्ही करतो. त्याबरोबरच दर वर्षी सभेच्या दिवशी आपण व्यासपीठावर जो फोटो काढवितो, तो एकदा ह्या दृष्टीने न्याहाळावा. खुर्चीवर कोण बसले आहेत, मागे उभे कोण आहेत, आणि मागे उभ्या असलेल्या तरुणांपैकी कितींना पुढच्या वर्षी खुर्ची मिळणार आहे, हे त्यात स्पष्ट दिसेल. नानांच्या चरित्रावरून आपणांस घेण्यासारखे पुष्कळ आहे. त्यातील ही एक गोष्ट ज्ञातिबांधवांनी विशेष विचारात घ्यावी, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.